दारव्हा ते टोरांटो: अंतर किती, वेळ किती, आणि तिकिटावरचे पाच तास

काकाजी, तुमचं म्हणणं असं: मुलगा टोरांटोला आहे, तुम्ही दोघं जानेवारीत पहिल्यांदाच विमानात बसणार. तिकिटावर 12 तारखेला रात्री 2.30 ला दिल्लीहून सुटणार आणि त्याच 12 तारखेला सकाळी 7.30 ला टोरांटोत उतरणार, म्हणजे पाचच घंटे. नागपूर ते टोरांटो अंतर मोबाईलवर एका जागी 12,490 दिसतं, दुसऱ्या जागी 7,760, तिसऱ्या जागी 6,745. मुलगा म्हणतो दीड दिवस धरा. आणि तुमचे साडभाऊ म्हणतात, आता समृद्धी महामार्ग झाला, मुंबईहून जा, तिकडून जवळ पडते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात बावीस वर्षांपासून तिकिटं काढून देतो, आधी रेल्वेची, मग विमानाची. तुमच्यासारखे आईवडील दर हिवाळ्यात माझ्यासमोर बसतात आणि थोड्याफार फरकानं हेच विचारतात. साडभाऊ सोडले तर बाकी सगळे बरोबर आहेत. तिकीट बरोबर आहे, तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि मुलगा तर सगळ्यात बरोबर आहे.

आधी ते तीन आकडे. अंतर एकच आहे, मापं तीन आहेत. 12,490 किलोमीटर म्हणजेच सुमारे 7,760 मैल, आणि तेच अंतर नॉटिकल मैलात, म्हणजे वैमानिक आणि जहाजवाले वापरतात त्या मैलात, साधारण 6,745. नॉटिकल मैल 1.852 किलोमीटरचा असतो. एकर आणि हेक्टरसारखंच आहे हे, शेत काही कमी-जास्त होत नाही.

आता हे 12,490 मोजलं कसं, ते सांगतो. माझ्या टेबलावर बारा इंची पृथ्वीगोल आहे, शाळेत असतो तसा. त्यावर नागपूर दिसत नाही इतकं बारीक लिहिलंय, म्हणून मी तिथे पेनानं ठिपका दिला आहे. शिवणाचा पांढरा दोरा घ्यायचा, एक टोक नागपूरवर अंगठ्यानं दाबायचं, दुसरं टोरांटोवर, आणि दोरा ताणायचा. पहिल्यांदा बघणारा दचकतोच. दोरा अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक असा पश्चिमेकडे जात नाही. तो सरळ वर चढतो, दिल्लीजवळून, काश्मीर, ताजिकिस्तान, कझाकस्तान, रशियातले उरल पर्वत, मग उत्तरेचा बर्फाळ समुद्र, ग्रीनलंड, आणि तिथून खाली कॅनडात उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशानं आपल्या डोळ्यांना वेगळी सवय लावली आहे. गोल वस्तूवर दोन ठिकाणांमधलं सगळ्यात कमी अंतर म्हणजे हा ताणलेला दोरा.

तो दोरा काढून फूटपट्टीवर ठेवा. बारा इंची गोलावर बरोबर 30 सेंटिमीटर भरतो, अख्खी फूटपट्टी. गोलाचा घेर सुमारे 96 सेंटिमीटर आणि पृथ्वीचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर. म्हणजे एका सेंटिमीटरला 418 किलोमीटर आले. तीसनं गुणा, साडेबारा हजार. मोबाईल हेच गणित अक्षांश-रेखांशावरून करतो, बाकी काही वेगळं नाही. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत गोल असेल तर नातवंडांना घेऊन एकदा करून बघा.

आता साडभाऊंचं. मुंबई आपल्यापेक्षा पश्चिमेला, टोरांटोही पश्चिमेला, मग मुंबईहून जवळ असणार, असं कोणालाही वाटेल. मलाही बरीच वर्षं वाटायचं. पण त्याच गोलावर मुंबईहून दोरा ताणा. तोही तीस सेंटिमीटरच भरतो. मुंबई ते टोरांटो हवाई अंतरही 12,490 च्या आसपासच आहे, फरक इतका थोडा की धरायची गरज नाही. मुंबई पश्चिमेला आहे खरी, पण नागपूरच्या दोन अंश दक्षिणेलाही आहे, आणि आपला रस्ता तर उत्तरेला चढतो. पश्चिमेला गेल्यानं जे मिळतं ते दक्षिणेला उतरल्यानं जातं. कारंजाला समृद्धीवर चढून मुंबई गाठायला सात-आठ तास, त्यात भिवंडीजवळ आमण्याला समृद्धी संपली की विमानतळापर्यंतची गर्दी वेगळी. एवढं करून टोरांटोचं अंतर जवळजवळ तेवढंच राहतं.

दिल्लीचं मात्र उलट आहे. दिल्ली ते टोरांटो साधारण 11,640 किलोमीटर. नागपूर ते दिल्ली हवाई अंतर 855. बेरीज करा, 12,495. म्हणजे दिल्लीला उतरून गेलात तरी अंतर वाढत नाही, कारण दिल्ली त्या दोऱ्याला जवळजवळ चिकटूनच आहे. आमच्या भागातल्या लोकांना उत्तर अमेरिकेला जायचं असेल तर मी आधी दिल्लीचं बघतो ते यामुळे. दुसरा चांगला पर्याय दोहाचा. नागपूरहून दोहाला विमान जातं, वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं. नागपूर-दोहा 2,840 आणि दोहा-टोरांटो 10,880, मिळून 13,720. दिल्लीपेक्षा सव्वाबाराशे किलोमीटर जास्त, म्हणजे आकाशात साधारण दीड तास. पण नागपुरातच परदेशी जायचे सोपस्कार उरकतात आणि दिल्लीची धावपळ वाचते. तरुणांना मी बिनधास्त दोहा देतो. पहिल्यांदा जाणाऱ्या वयस्कर जोडप्याला दिल्ली देतो. वाट चुकली तर विचारायला हिंदी चालते, आणि घाबरलेल्या माणसाला ती फार आधार देते.

आता महत्त्वाचं. किलोमीटर कळले म्हणून वेळ कळला असं नाही. हे आपल्या भागातल्या माणसाला शिकवायला नको. यवतमाळ ते मूर्तिजापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण शकुंतला या जुन्या छोट्या रेल्वेनं जायचं म्हटलं की दिवस मोडायचा. आकाशातही तसंच आहे, फक्त कारणं निराळी.

मोठं विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे 900 च्या वेगानं उडतं. 11,640 ला 900 नं भागलं तर तेरा तास येतात. पण तुमच्या तिकिटावर हिशेब केला तर साडेपंधरा तास निघतात, ते कसे हे पुढे सांगतो. मधले अडीच तास कुठे गेले?

एक, वारा. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, हिवाळ्यात आणखी जोरात. ताशी दीडशे-दोनशेचा वारा तिथे नवलाचा नाही. पश्चिमेकडे जाताना तो अंगावर येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून जायला वेळ जास्त आणि यायला कमी. दहावीची पोरं मला विचारतात की पृथ्वी फिरते म्हणून असं होतं का. नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. फरक वाऱ्याचा आहे. वाऱ्याचं बळ बघायचं तर एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान बघा. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी ते अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. जुना मार्ग सुमारे 13,900 किलोमीटरचा, नवा 15,300 चा. चौदाशे किलोमीटर जास्त उडूनही ते साडेचौदा तासांत पोचलं आणि वेळ वाचला, कारण वारा पाठीशी होता. माझ्या धंद्यात यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

दोन, विमान त्या दोऱ्यावरून जातच नाही. हिमालयासारखे उंच डोंगर ओलांडायला कंपन्या शक्यतो टाळतात. आतला हवेचा दाब गेला तर विमानाला लवकरात लवकर दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथे खाली डोंगरच पंधरा-वीस हजार फुटांचे आहेत. त्याशिवाय देशादेशांची भांडणं. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियानं कॅनडा, अमेरिका, युरोपच्या कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. पाकिस्ताननं 24 एप्रिल 2025 ला भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि ती बंदी महिन्यामहिन्यानं वाढत गेली. आता गंमत बघा. दिल्ली-टोरांटो मार्गावर भारतीय कंपनीला पाकिस्तानवरून जाता येत नाही आणि कॅनडाच्या कंपनीला रशियावरून जाता येत नाही. तीच दोन शहरं, पण दोघांच्या वाटा वेगळ्या. 2025 मध्ये दिल्लीहून अमेरिका-कॅनडाला जाणारी काही भारतीय विमानं लांबच्या फेऱ्यामुळे व्हिएन्नाला तेल भरायला थांबत होती. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाला 2018 मध्ये किती तास लागले, हे विचारून काही उपयोग नाही. तुमच्या तारखेचं तिकीट बघायचं.

तीन, तिकिटावरच्या वेळेत फक्त उडणं नसतं. विमान दारातून हललं की घड्याळ सुरू होतं आणि तिकडच्या दारात लागलं की थांबतं. मधलं धावपट्टीकडे सरकणं, रांग, सगळं त्यात धरलेलं असतं.

आता ते पाच घंटे. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. 2.30 दिल्लीची, 7.30 टोरांटोची. हिवाळ्यात टोरांटो आपल्या साडेदहा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळ एक तास पुढे सरकवतात, तेव्हा फरक साडेनऊचा होतो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत साडेदहाचा. तुम्ही जानेवारीत जाताय म्हणजे साडेदहा. टोरांटोत सकाळचे 7.30 म्हणजे आपल्याकडे त्याच दिवशी संध्याकाळचे 6. रात्री 2.30 ते संध्याकाळी 6 म्हणजे साडेपंधरा तास. परतीचं तिकीट बघाल तर उलटं भ्या वाटेल. समजा टोरांटोहून दुपारी 12 ला सुटलं आणि दिल्लीला दुसऱ्या दिवशी दुपारी 12.30 ला आलं, तर कागदावर साडेचोवीस तास दिसतात. त्यातून साडेदहा वजा करा, चौदाच राहतात. सगळ्यात सोपं म्हणजे प्रत्येक वेळ आपल्या घड्याळात करून कागदावर लिहून काढायची, मग नुसती वजाबाकी उरते.

इथे एक गोष्ट सांगतो, ती मी लपवत नाही. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी दिग्रस तालुक्यातल्या एका जोडप्याचं तिकीट मी काढून दिलं होतं, मुंबईहून. मुलीचं बाळंतपण परदेशात होतं. विमान 15 तारखेला रात्री 12.55 चं. मी तिकीट हातात दिलं, तारीख वाचून दाखवली आणि मोकळा झालो. ते बडनेऱ्याहून गाडीत बसले आणि 15 तारखेच्या सकाळी मुंबईत उतरले, आज रात्री जायचं म्हणून. विमान आदल्या रात्रीच गेलं होतं. दुपारी त्या जोडप्यातल्या बाईंचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी, एवढंच म्हणाल्या, "दादा, डिंकाचे लाडू चाळीस दिवसांच्या हिशेबानं केले होते." नव्या तिकिटाचे अर्धे पैसे मी भरले, पण ती चार दिवसांची चुकामूक भरून देता आली नाही. तेव्हापासून रात्री 12 ते पहाटे 4 मधलं कोणतंही तिकीट असलं की मी त्यावर लाल पेनानं लिहून देतो. तुमच्या तिकिटावर आत्ताच लिहा: "11 तारखेच्या रात्री." 12 तारखेला रात्री 2.30 म्हणजे 11 ची संध्याकाळ संपल्यावरची रात्र. 11 ला संध्याकाळी तुम्ही दिल्लीत असायला हवे.

आता घरापासून घरापर्यंतचा हिशेब, तुमच्या मुलाचा दीड दिवस. दारव्हा ते नागपूर विमानतळ 190 किलोमीटरच्या आसपास, यवतमाळ, कळंब, वर्धा करत गाडीनं चार तास धरा. सोनेगावचा विमानतळ वर्धा रोडवरच आहे, त्यामुळे नागपूर शहरात शिरायचं काम नाही. 11 तारखेला सकाळी 10 ला घरून निघालात तर 2 ला विमानतळावर. संध्याकाळी 5 च्या सुमाराचं दिल्लीचं विमान, 7 च्या आत दिल्ली. पुढे साडेसात तास थांबायचं. हे थांबणं जास्त वाटेल, पण जानेवारीत मी ते मुद्दाम ठेवतो. दिल्लीचं धुकं मध्यरात्रीनंतर आणि पहाटे दाट होतं, विमानं तासन् तास अडकतात. संध्याकाळी धुक्याआधी पोचलात तर पुढची काळजी नाही. मग 2.30 ला निघून आपल्या घड्याळात 12 तारखेच्या संध्याकाळी 6 ला टोरांटो. पासपोर्टची रांग आणि सामान, दीड-दोन तास. मुलाची गाडी, अर्धा तास. म्हणजे त्याच्या घरात पाय टाकाल तेव्हा इथे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतील. 11 ची सकाळ 10 ते 12 ची रात्र साडेआठ, साडेचौतीस तास. त्यातले आकाशातले सव्वासतरा, म्हणजे निम्मे. उरलेला निम्मा वेळ रस्ता आणि रांगांचा आहे, आणि माणूस थकतो तो तिथेच. म्हणून दोघांसाठीही व्हीलचेअर मागून ठेवा. तुमच्या घरच्या मावशींना चालता येतं हे मला माहीत आहे. पण ती खुर्ची ढकलणारा माणूस तुम्हाला योग्य रांगेत, योग्य दारात नेऊन सोडतो. कमीपणा वाटून घेऊ नका. मागणी तिकिटावर आधीच नोंदवावी लागते, तशीच शाकाहारी जेवणाचीही.

नागपूर-दिल्ली आणि दिल्ली-टोरांटो ही दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत ना, हे आजच बघा. स्वस्तात मिळतं म्हणून पोरं दोन वेगळी तिकिटं काढतात. तसं असेल तर नागपूरचं विमान लेट झाल्यावर दिल्लीवाली कंपनी जबाबदारी घेत नाही. सामानाचंही तेच. देशातल्या तिकिटावर बहुतेक वेळा 15 किलो नेता येतं, आणि कॅनडाच्या तिकिटावर बहुधा माणशी दोन बॅगा 23-23 किलोच्या मिळतात. तुम्ही 46 किलो भरून नागपूरला पोचलात आणि तिकीट वेगळं निघालं, तर तिथेच बॅग उघडून काय काय काढायचं हा प्रश्न उभा राहतो. एकच तिकीट असलं की सामान नागपुरात दिलं ते साधारणपणे थेट टोरांटोला मिळतं. काउंटरवर विचारून घ्या आणि बॅगेला लावलेली चिठ्ठी टोरांटोची आहे का ते बघा. परतताना मात्र दिल्लीत सामान हातात घेऊन कस्टममधून काढावं लागतं आणि पुन्हा नागपूरसाठी द्यावं लागतं. म्हणून परतीला दिल्लीत चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका.

बियाणं नेऊ नका. जवस, तीळ, मिरचीचं बी, "तिकडे लावून बघतो" म्हणून काहीच नाही. चटण्या, पापड, लाडू जे खायचं नेता ते उतरताना विचारतील तेव्हा खरं सांगायचं.

तुमच्या बीपीच्या आणि मावशींच्या शुगरच्या गोळ्या हाताच्या पिशवीत ठेवा, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत नाही. साडेदहा तासांचा फरक पडतो तेव्हा गोळी कोणत्या घड्याळानं घ्यायची, हे निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. इन्सुलिन असेल तर नक्कीच. विमानात दर दोन तासांनी उठून चार पावलं टाका आणि पाणी पीत राहा, पायात रक्त गोठण्याचा धोका लांबच्या प्रवासात असतो. तिथे पहिले आठ-दहा दिवस रात्री दोन वाजता झोप उघडेल, त्याला घाबरू नका, अंग हळूहळू नव्या वेळेला लागतं. परत आल्यावर ते थोडं जास्त जाणवेल.

तिकिटाचा दोन्ही बाजूंचा फोटो काढून मला पाठवा. एकच तिकीट आहे की दोन, हे मी बघतो, आणि सगळ्या वेळा आपल्या घड्याळात लिहून कागद तयार ठेवतो. बाजाराला याल तेव्हा घेऊन जा.